पाठमोरी एकोणीस सेकंद

धंद्यात त्याला सगळे सेकंदमास्तर म्हणत. तीस वर्षांत बावीस विनोदी सिनेमे केले, पण एकाही हशाची जागा त्याने अंदाजाने ठरवली नाही. लठ्ठ मावशीबाई खुर्चीत बसायला वाकल्या, की खुर्चीवरचा केक प्रेक्षकाला किती वेळ दाखवायचा? दोन सेकंद. दीड दाखवला तर मागच्या रांगेला कळत नाही. अडीच दाखवला तर पुढची रांग आधीच हसून मोकळी होते आणि मावशीबाई बसतात तेव्हा सभागृह कोरडं. त्याच्या गळ्यात कायम एक घड्याळ असे, दोरीला बांधलेलं, डॉक्टरच्या गळ्यात नळी असावी तसं.

घरी त्या घड्याळाला काम नव्हतं. बायको घर सोडून गेली त्याला नऊ वर्षं झाली होती. आदळआपट नव्हती, रडारड नव्हती. दारात बॅग टेकवून ती एवढंच म्हणाली होती, "तू माझ्याकडे कधी बघतोस आणि माझं हसू कधी मोजतोस, हेच मला कळेनासं झालंय." आता घरात एक कप, एक बशी, आणि भिंतींवर बावीस पोस्टरं. पोस्टरांवर बावीस उघडी तोंडं, खदखदा हसणारी, आवाजाविना.

त्याचे बाबा शहराच्या दुसऱ्या टोकाला राहत, लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर. वय शहाऐंशी. कान गेलेले, डोळ्यांत धुकं उतरलेलं. युद्धाच्या तीन वर्षांत त्यांनी पाच हेरपट काढले होते. ओव्हरकोटाच्या वर केलेल्या कॉलरी, बुटाच्या टाचेत दडवलेला नकाशा, दुहेरी तळाची बॅग, आणि प्रत्येक सिनेमात पूल उडायच्या आत पोचायची घाई. तेव्हा कोरी फिल्म मोजून मिळायची, साखरेसारखी. त्यामुळे बाबांच्या सेटवर कुणी चुकायचं नाही, शिंकायचं नाही, हसायचं तर नाहीच. युद्ध संपलं आणि लोकांना हेर नकोसे झाले. बाबा मग संध्याकाळच्या शाळेत फोटोग्राफी शिकवायला लागले, ती शाळा बंद होईपर्यंत.

आणि मुलाने काय केलं? मुलाचा पहिलाच सिनेमा हेरांच्या फजितीचा, आणि तो गाजला. त्यातला हेर वर्तमानपत्राला दोन भोकं पाडून त्यातून पाळत ठेवतो, आणि समोरचा माणूस त्या भोकांत दोन बोटं घालतो. लोक खुर्च्यांवरून घसरले. वर्तमानपत्राची भोकं बाबांच्या सिनेमातली होती, जशीच्या तशी उचललेली. पहिल्या दिवशी दुपारच्या खेळाला बाबा एकटेच आले, शेवटच्या रांगेत बसले, आणि बाहेर पडताना म्हणाले, "चालेल हा." चालेल म्हणाले. चांगला आहे म्हणाले नाहीत. पुढच्या एकवीस सिनेमांनाही ते असेच आले, आणि असंच एकेका शब्दावर भागवून गेले.

मग त्या वर्षी चित्रपट-संग्रहालयातल्या बाईंचा फोन आला.

"तुमच्या वडिलांचा एक सिनेमा सापडलाय. पाचातला एकच, पण अख्खा. युद्धकाळातल्या हेरपटांचा आठवडा करतोय आम्ही. सोमवारी एक खेळ, शनिवारी एक. फिल्मचे जुने जोड सुटायला आलेत. तुम्ही घरचे, शिवाय कात्रीत मुरलेले. तपासून द्याल?"

"घरचा म्हणजे फुकट."

"फुकटच. चहा आमचा."

त्याने बाबांना ही बातमी कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दाखवली. बाबांनी कागद नाकाशी धरला, लांब धरला, पुन्हा नाकाशी आणला.

"कोण येणार बघायला? ती माणसं गेली सगळी."

"तरुण मुलं येतात हल्ली!" तो ओरडला.

"तरुण? मग हसतील."

"नाही हसणार, बाबा."

"हसतील. तू शिकवलंयस त्यांना." हे त्यांनी रागाने म्हटलं नाही. बाहेर ऊन आहे, असं म्हणावं तसं म्हटलं. मग टेबलाच्या कडेवर बोट फिरवत म्हणाले, "मला पाहायचाय बारक्या. एकदा. पन्नास वर्षं झाली. डोळे आहेत तोवर."

सत्तावन्न वर्षांच्या, दारातून जेमतेम आत मावणाऱ्या त्या माणसाला बारक्या म्हणणारं जगात एवढं एकच तोंड उरलं होतं.

सिनेमा त्याच्या संकलनाच्या खोलीत आला, आठ डब्यांत. तीन दिवस तो एकटा त्या अंधाऱ्या खोलीत बसून राहिला. जोड बरे केले. मग सवयीने घड्याळ हातात घेतलं, आणि हशाच्या जागा मोजायला लागला. जिथे जिथे बाबांनी श्वास रोखायला लावला होता, तिथे तिथे आजचा प्रेक्षक हसणार होता. वर्तमानपत्राच्या भोकांना हसणार. बुटाच्या टाचेला हसणार. ते हसू त्यानेच पेरलं होतं, बावीस हंगाम, आणि आता पीक बाबांच्या अंगणात उभं राहणार होतं.

सगळ्यात वाईट जागा सहाव्या डब्यात होती. रात्रीची खोली. हेर खाली रस्त्यावर आलाय. नायिकेने दिवा विझवला तर धोका टळला, दिवा ठेवला तर त्याने पळायचं. नायिका खिडकीशी उभी, हातात दिवा, आपल्याकडे पाठ. एवढंच. मागे घड्याळाची टिकटिक. आणि ती पाठ हलते, खांदे गदगदतात. ती रडतेय. पाठीनेच रडतेय, एक सेकंद, चार सेकंद, दहा सेकंद... एकोणीस सेकंद! एकोणिसाव्या सेकंदाला कुठे दिवा विझतो.

"पाठीचं रडणं चार सेकंद खपतं, बाबा," तो रिकाम्या खोलीत मोठ्याने म्हणाला. "एकोणीस कोण सोसेल?"

त्याने कात्री लावली. वर्तमानपत्राचे दोन सेकंद गेले, बुटाचे तीन, आणि त्या पाठीचे पंधरा. टिकटिक टिकटिकीला जोडली गेली, कुणाला पत्ता लागला नसता. काढलेली भेंडोळी त्याने एका डबीत ठेवली, वर चिठ्ठी लावली: 'हशा. काढला.' आठवडा संपला की परत जोडू, असं स्वतःला सांगितलं. बाईंना सांगितलं नाही. आयुष्यभर लोक हसावेत म्हणून कापाकापी केली होती. पहिल्यांदा लोक हसू नयेत म्हणून करत होता.

सोमवारी बाबांना तीन मजले उतरवायला अर्धा तास लागला. त्यांनी जुना कोट घातला होता, कॉलर वर केलेली.

"कॉलर खाली करू का बाबा? थंडी नाहीये."

"राहू दे. हेरपट आहे."

सभागृह भरलं होतं. तो बाबांच्या शेजारी बसला, आणि पडद्याकडे न बघता अंधारातले खांदे बघत राहिला. वर्तमानपत्र आलं. एक दोन खोकले. बुटाची टाच आली. कुणी हसलं नाही! तिसऱ्या रांगेतल्या एका मुलीने तर शेजारणीचा दंड धरला. सहावा डबा लागला. खिडकी, दिवा, पाठ. एक, दोन, तीन, चार, आणि दिवा विझला. सभागृह गप्प, खिळलेलं. जिंकलो, त्याच्या मनात आलं.

आणि बाबा, बहिरी माणसं बोलतात तसे खणखणीत आवाजात, त्या शांततेत म्हणाले, "कुठे गेली?"

चारपाच माना वळल्या. तो वाकून कानाशी ओरडला, "काठी इथेच आहे, बाबा. माझ्याकडे."

"कुठे गेली?" बाबा पुन्हा म्हणाले, पण या वेळी हळू. शेवटी टाळ्या झाल्या. त्या त्यांना ऐकू आल्या नाहीत, आणि त्यांनी टाळ्या पिटणाऱ्या हातांकडे पाहिलंही नाही.

टॅक्सीत बाबा खिडकीच्या काचेला कपाळ टेकून बसले होते.

"कापलास तू," ते म्हणाले.

तो गडबडला. मग कबूल झाला. खूण करून, बोटं कात्रीसारखी हलवून. "लोक हसले असते, बाबा! ती पाठ! एकोणीस सेकंद! रडणं इतकं लांब..."

"रडत कुठे होती?" बाबांनी मान वळवली. "हसत होती. तुझी आई."

टॅक्सीवाल्याने आरशातून पाहिलं आणि नजर रस्त्यावर नेली.

आई गेली तेव्हा तो पाच वर्षांचा होता. तिचा म्हणून घरात एकच फोटो, एखाद्या अर्जाला लावायला काढावा तसा ताठ, ओठ मिटलेले. आवाज आठवत नव्हता. चाल आठवत नव्हती. आई म्हटलं की त्याला फक्त एक ओला टॉवेल आठवे, तोंडावरून फिरणारा, आणि टॉवेलामागे कोण होतं ते नाही.

"नायिका तापाने फणफणली होती," बाबा सांगत होते, खिडकीबाहेरच्या दिव्यांना सांगावं तसं. "तुझी आई माझा डबा घेऊन सेटवर आलेली. उंची सारखी, म्हटलं पाठच दाखवायचीय, घाल हिचा कोट. हेराचं काम करणारा नट जेवायला गेला होता. तिने खाली बघायचं तर खाली कुणीतरी हवं ना? मीच उभा राहिलो, त्याची टोपी घालून, तोंडावर बोट ठेवून. देशाचं भवितव्य तुझ्या हातात आहे, असं तिला सांगून उतरलो होतो. वर बघतो तर ही..." ते थांबले. "दुसरा टेक घ्यायला फिल्म नव्हती."

"चार सेकंदांनंतर कापता आलं असतं!" तो ओरडला. ओरडावं लागत होतं, म्हणून ते अधिकच वाईट वाटलं.

"आलं असतं," बाबा म्हणाले. "पण मी कापायला बसलो तेव्हा ती नव्हती."

तेव्हाच्या लोकांना ती रडतेय असं वाटलं. युद्ध चालू होतं, प्रत्येक घरातून कुणीतरी रडत होतं. एका वर्तमानपत्राने त्या अबोल रडण्याचं कौतुकही छापलं. बाबांनी कुणाचं काही दुरुस्त केलं नाही.

दुसऱ्या दिवशी बाबांचे पाय सुजले. डॉक्टर म्हणाले, आता जिना नाही. शनिवारचा खेळ तर नाहीच नाही.

तो संग्रहालयात गेला आणि बाईंसमोर सगळं सांगून मोकळा झाला. बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"जुन्या मूर्तीचं नाक फार पुढे आलंय म्हणून छिनी मारता का हो तुम्ही?"

"मारली खरी."

"शनिवारी चारच्या आत कापलेले सगळे डबे मला पूर्ववत हवेत. फिल्मची एकही चौकट कमी नको."

"तीन कमी होतील," तो म्हणाला. "जोड खरवडताना एकेक चौकट जाते. ती परत आणता येत नाही."

तो कुठला विनोद सांगतोय का, हे बाईंनी क्षणभर त्याच्या चेहऱ्यावर शोधलं. मग डबे पुढे सरकवले. "चहा घ्या," म्हणाल्या, "उभ्याने गळून पडाल."

शनिवारी सकाळी तो बाबांकडे गेला. एका काखेत फिल्म बघायचं हातयंत्र, दुसऱ्या काखेत ती चिठ्ठी लावलेली डबी. जेवणाच्या टेबलावर यंत्र मांडलं. दोन बाजूंना दोन चकत्या, मध्ये पोस्टकार्डाएवढा पडदा, आणि फिरवायला एक मूठ. पंधरा सेकंदांची भेंडोळी, मुठीत मावेल एवढी. ती त्याने बोटांनी सोडवली आणि यंत्रात लावली. मग बाबांचा हात मुठीवर ठेवला आणि स्वतः टेबलाच्या पलीकडे जाऊन बसला.

बाबांनी मूठ फिरवली. हात कापत होता, म्हणून ती कधी भराभर हसत असणार, कधी मंद. बाबा थांबले की ती थांबत असणार. त्याला पडदा दिसत नव्हता. त्याला फक्त बाबांचा चेहरा दिसत होता, त्या चिमुकल्या उजेडात, इतका जवळ नेलेला की चष्मा काचेला टेकावा. भेंडोळी संपली. बाबांनी उलटी फिरवली, पुन्हा सुलटी. खोलीत चकत्यांची कुरकुर तेवढी होती.

एकाच टेबलाशी ते दोघे बसले होते, आणि दोघांच्या मनात एकच बाई होती. पण बाबांनी तिला समोरून पाहिलं होतं. खाली रस्त्यावर उभं राहून, टोपी घालून, तोंडावर बोट ठेवून. त्या पाठीच्या पलीकडे काय आहे, ते या जगात एकट्या बाबांना माहीत होतं.

तो उठून त्यांच्या बाजूला आला, कानाशी वाकला, आणि ओरडायचं म्हणून ओरडला, "चेहरा कसा होता? बाबा! तेव्हा! तिचा!"

बाबांनी मूठ सोडली. त्यांनी चष्मा काढला. आणि सेटवर कुणाला शिंकू न देणाऱ्या त्या माणसाने खालचा ओठ दातांखाली धरला, भुवया उंच उचलल्या, गाल आत ओढले, नाकपुड्या फुगवल्या, आणि येऊ घातलेलं हसू असं काही कोंडून धरलं की मान, खांदे, कोट, सगळं गदगदायला लागलं. दोन सेकंद. तीन. सुरकुत्यांच्या त्या जाळ्यातून एक पंचविशीची बाई टकमक बघत होती, दुष्ट, लाडकी, आता फुटेल की मग अशी.

मग बाबांनी चेहरा सोडला. ती गेली.

"अशी," ते म्हणाले.

तो खुर्चीत बसला. बाबांनी टेबलावरचा पाण्याचा पेला त्याच्याकडे सरकवला.

"तुझे सिनेमे मला कधी विनोदी वाटले नाहीत," बाबा म्हणाले.

"माहितीये."

"तिला वाटले असते." त्यांनी जरा विचार केला. "ती कशालाही हसायची."

भेंडोळी परत डबीत घालताना त्याच्या मनात आलं ते त्याने कागदावर लिहून दाखवलं: 'याची एक प्रत काढून तुम्हाला देतो. यंत्र इथेच राहू दे.'

बाबांनी कागद नाकाशी धरला, लांब धरला. मग हलवला नकाराने.

"नको. मला आता पुरे दिसलं. तू तिला परत जागेवर लाव." आणि तो दाराशी पोचल्यावर मागून म्हणाले, "घरात एकटीला ठेवू नये तिला. तिला माणसं लागायची."

चारला दहा मिनिटं कमी असताना शेवटचा, सहावा डबा बाईंच्या हातात पडला. तीन चौकटी जोडांत गेल्या होत्या. त्याने त्या मोजल्या होत्या. पापणी लवायला याहून जास्त वेळ लागतो, हेही त्याला माहीत होतं, आणि तरी.

शनिवारी सभागृह अर्धंच भरलं होतं. वर्तमानपत्राच्या भोकांना लोक हसले. बुटाच्या टाचेला हसले. त्याने सोसलं. मग खिडकी आली, दिवा आला, पाठ आली. चार सेकंद शांतता. सहाव्या सेकंदाला मागे कुणीतरी फिसकन हसलं. नवव्याला एक पूर्ण रांग. बाराव्याला तर सगळं सभागृह हसत होतं, कशाला ते न कळता, एकाचं बघून दुसरा, आणि त्यांच्या सगळ्यांच्या पुढे ती, दिवा धरून, खांदे गदगदत, जणू तिनेच त्यांना लावून दिलंय.

"एवढा लांब शॉट!" मागच्या रांगेतला एक जण डोळे पुसत म्हणाला. "कापायला विसरले वाटतं."

तो वळला नाही. गळ्यातलं घड्याळ त्याने चालू केलं नव्हतं. शेजारची खुर्ची रिकामी होती, तिच्यावर त्याने आपला कोट ठेवला होता. पडद्यावर दिवा विझला.